फुटलेल्या पाट्याही कोशातच
अवघड काळात ज्यू धर्मग्रंथ कसे सोबत करतात

मोशे सीनाय पर्वतावरून आज्ञांच्या दोन दगडी पाट्या घेऊन खाली आला, तेव्हा लोक सोन्याच्या वासरापुढे नाचत होते. त्याने त्या पाट्या पर्वताच्या पायथ्याशी आपटून फोडल्या. पुढे क्षमा झाली, नव्या पाट्या घडल्या आणि त्या कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, ठेवल्या गेल्या. मग पहिल्या पाट्यांच्या तुकड्यांचे काय झाले? तालमूद या ज्यू आचार्यांच्या चर्चांच्या ग्रंथातले आचार्य सांगतात की ते तुकडेही त्याच कोशात, अखंड पाट्यांच्या शेजारी ठेवले होते. वाळवंटात कोश जिथे जिथे गेला, तिथे अखंड आणि फुटके दोन्ही बरोबर गेले. तालमूदात ही गोष्ट एका नियमाच्या ओघात येते. आपल्या इलाजाबाहेरच्या कारणाने जो वृद्ध विद्वान सगळी विद्या विसरला, त्याचा मान तसूभरही कमी करू नका, असा तो नियम.

आजारपण, घरातल्या माणसाचा मृत्यू, गेलेली नोकरी, मोडलेला संसार यांतून जाणाऱ्या प्रत्येकाला मला ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते. पूर्वीसारखे झालो तरच आपण पुन्हा पूर्ण झालो, असे आपण धरून चालतो आणि तसे होत नाही म्हणून खचतो. ज्यू ग्रंथांची शिकवण अशी की जे फुटले ते आपलेच आहे, त्याला आदराने जवळ ठेवावे आणि त्याच्यासकट पुढची वाट चालावी. आशीर्वादही त्याच वाटेवर, रोजच्या छोट्या कृतींतून मिळतो. त्या कृती कोणत्या, हे या लेखात पाहू.

ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाला तनाख म्हणतात. तोरा, नबी आणि लेख असे त्याचे तीन भाग असून ज्यू गणतीप्रमाणे त्यात २४ पुस्तके आहेत. हीच पुस्तके मराठी बायबलच्या जुन्या करारात वेगळ्या क्रमाने सापडतात. म्हणून नावे मी मराठी वाचकाला शोधायला सोपी अशीच दिली आहेत. वाचणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याने हे ग्रंथ आदराने उघडावेत.

१. आधी गाऱ्हाणे मांडा

दुःखात पहिली अडचण येते ती चांगले दिसण्याची. देवापुढे तक्रार केली तर आपली श्रद्धा कमी ठरेल, असे वाटते. स्तोत्रसंहिता, म्हणजे ज्यूंचे तेहिलीम, उघडा. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. तेरावे स्तोत्र जेमतेम सहा वचनांचे, पण त्याच्या सुरुवातीलाच भक्त देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालायचे. मग तो काहीतरी मागतो आणि शेवटी भरवशावर येऊन थांबतो. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांना जवळचे मानणाऱ्या वाचकाला हा सूर परका वाटणार नाही.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र याहून धीट आहे. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचा एक शब्दही नाही, तरी ते धर्मग्रंथात आहे. दिलासा न सापडलेल्या माणसाचे बोलणेही प्रार्थनाच आहे, ही मान्यता त्याला मिळाली आहे.

यरुशलेमचे मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या फौजेने उद्ध्वस्त केले. त्या दुःखाचे पुस्तक म्हणजे विलापगीत. त्याची पहिली चार प्रकरणे हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रडायचे, काही गाळायचे नाही. पण अक्षरे संपली की ते रडणेही एका काठाला लागते. आव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक उपास करून, जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर बसून, मंद उजेडात हे पुस्तक वाचतात. त्याचे शेवटचे वचन फार कठोर आहे. म्हणून त्याच्या आधीचे वचन, ज्यात देवाकडे परत नेण्याची विनवणी आहे, ते पुन्हा एकदा म्हणून वाचन थांबवतात.

मोठ्याने बोलणे जमत नसेल तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना पाहा. मूल नसल्याच्या दुःखाने ती मंदिरात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. याजक एली तिला दारू प्यायलेली समजतो. ती त्याला नम्रपणे, पण ठामपणे सांगते की मी मन मोकळे करते आहे. तालमूदाने प्रार्थनेचे कितीतरी नियम या दुखावलेल्या स्त्रीकडून घेतले. ज्यूंची मुख्य प्रार्थना आजही हलक्या आवाजात, ओठांनी म्हटली जाते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रार्थना करून ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा निवळला. तेव्हा अजून काहीच बदललेले नव्हते, मूल तर पुढे झाले.

काय कराल: एका कागदाचे तीन भाग करा. पहिल्यात गाऱ्हाणे, दुसऱ्यात मागणे आणि तिसऱ्यात अजून ज्याचा आधार वाटतो ते लिहा. तिसरा भाग कोरा राहिला तर कोराच राहू द्या. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तुम्हाला आधार आहे.

२. जेवा, झोपा, मग पुढचे

एलीया हा मोठा नबी. राणी ईजबेलने जिवावर उठण्याची धमकी दिल्यावर तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मरण दे असे देवाला म्हणाला. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात पुढे काय घडते ते सावकाश वाचा. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा लोटा पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण वाट लांबची आहे. चाळीस दिवस चालून तो होरेब पर्वतावर पोचतो. तिथे वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात, आणि मगच त्याला तो अगदी हळू, शांत आवाज ऐकू येतो. तो आवाज त्याला काम देतो आणि अलीशा नावाचा सोबतीही देतो.

हा क्रम मोलाचा आहे. अन्न, झोप, पुन्हा अन्न, चालणे, शांतता, काम, सोबत. दमलेल्या जिवाला लगेच जीवनाचा अर्थ शोधायला बसवू नये.

हा एलीया कोकणाच्या ओळखीचा आहे. अलिबागजवळ नौगाव किनाऱ्याशी पूर्वजांचे गलबत फुटले, अशी परंपरा सांगणारे मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. नवस फेडताना, लग्नाआधी, संकट टळल्यावर ते त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि वर फळे असे ताट मांडून प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे मिळून खातात. ज्याला देवाने आधी जेवू घातले, त्याची आठवण अन्नानेच व्हावी, हे मला फार योग्य वाटते.

काय कराल: पहिले काही दिवस फक्त तीन गोष्टी सांभाळा. वेळेवर जेवण, झोप आणि थोडे चालणे. औषधोपचाराला कमीपणा मानू नका. तोरामधल्या एका नियमावरून तालमूदाने वैद्याला बरे करण्याचा अधिकार स्पष्ट मान्य केला आहे. एलीयासारखी मरणाची इच्छा मनात येत असेल तर ती आजच कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

३. हात पुढे करा, हात धरा

तालमूदाच्या बेराखोत या प्रकरणात एक छोटी कथा आहे. राब्बी हिय्या आजारी पडले, तेव्हा राब्बी योहानान भेटायला आले. त्यांनी विचारले, या यातना तुम्हाला प्रिय आहेत का? हिय्या म्हणाले, त्याही नकोत आणि त्यांचे फळही नको. योहानानांनी हात मागितला, तो धरला आणि त्यांना उठवले. पुढे योहानान स्वतः आजारी पडले. मग राब्बी हनिना आले, तेच बोलणे झाले आणि त्यांनी हात धरून उठवले. तालमूद विचारतो, जे दुसऱ्याला उठवू शकत होते त्यांनी स्वतःला का नाही उठवले? उत्तर येते की कैदी स्वतःच स्वतःला कैदेतून सोडवू शकत नाही. हे योहानान कोण होते? दहा मुलगे गमावलेला बाप. ते दुसऱ्यांना आधार देत हिंडत होते, आणि त्यांनाही दुसऱ्याच्या हाताची गरज पडली.

यातना नकोत असे म्हणण्याची मुभाही ही कथा देते. दुःख ही देवाची देणगी आहे, असे कुणी तुमच्यावर लादत असेल तर राब्बी हिय्यांचे उत्तर आठवा.

ईयोबाच्या पुस्तकात याची दुसरी बाजू दिसते. मुले, संपत्ती आणि आरोग्य सगळे गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. कुणी एक शब्द बोलत नाही. इथवर ते चांगले मित्र असतात. मग ते तोंड उघडतात, तुझेच काहीतरी पाप असेल असे समजावू लागतात आणि सगळे बिघडते. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो आणि ईयोबाचे बोलणे खरे ठरवतो. याच पुस्तकावरून ज्यू समाजात रीत पडली की शिव्हाच्या, म्हणजे दुखवट्याच्या सात दिवसांत भेटायला गेलेल्याने आधी बोलू नये. घरच्या माणसाने तोंड उघडेपर्यंत थांबावे. स्मशानातून परतल्यावरचे पहिले जेवणही दुसऱ्यांनी आणायचे असते. कद्दीश ही दुखवट्याची प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, त्यासाठी दहा जण जमावे लागतात. म्हणजे शोक करणाऱ्याला एकटे न सोडण्याची जबाबदारी नियमानेच समाजावर टाकली आहे.

काय कराल: दुःख तुमचे असेल तर एका माणसाकडे एक नेमकी मदत मागा. डॉक्टरकडे सोबत, मुलांना शाळेतून आणणे किंवा नुसते शेजारी बसणे, काहीही चालेल. दुःख दुसऱ्याचे असेल तर डबा घेऊन जा, बसा आणि कारणे शोधू नका.

४. रात्र सरेपर्यंत झोंबा

उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब नदीकाठी एकटा आहे. वीस वर्षांपूर्वी ज्याला फसवले, तो भाऊ चारशे माणसे घेऊन सामोरा येतो आहे. त्या रात्री एक अनोळखी पुरुष याकोबाशी पहाटेपर्यंत झुंजतो आणि त्याची जांघ निखळवतो. तरी याकोब त्याला धरून ठेवतो आणि आशीर्वाद दिल्याशिवाय सोडायला तयार होत नाही. त्याला आशीर्वाद मिळतो, इस्राएल हे नवे नावही मिळते. पण सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत असतो. आशीर्वाद आणि लंगडणे एकाच पहाटे त्याच्या पदरात पडले. इस्राएल हे नाव मिरवणारा सगळा समाज या लंगडणाऱ्या माणसाचे नाव लावतो.

म्हणून जखम भरली नाही तर आपले काही चुकले, असे समजू नका. मूल गमावलेली आई पुन्हा हसेल, कामाला लागेल, तरी तिच्या चालीत ती रात्र राहणारच. तेही पूर्णपणच आहे.

काय कराल: काही महिने उलटल्यावर, मन थोडे स्थिर असताना, स्वतःला विचारा की या काळाकडून मी काय मागून घेऊ शकतो? संयम, एखादे तुटलेले नाते जोडण्याचे धैर्य, दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची नजर? हा प्रश्न फक्त स्वतःला विचारायचा, दुखावलेल्या दुसऱ्या माणसाला कधीही नाही.

५. आशीर्वाद तोंडाने म्हणा

ज्यू माणूस दिवसातून शंभर वेळा देवाचे स्तवन करतो, निदान तसे करावे अशी तालमूदाची अपेक्षा आहे. भाकरीसाठी वेगळे, फळासाठी वेगळे, इंद्रधनुष्य दिसल्यावर वेगळे. शौचाहून आल्यावर शरीराच्या नळ्या आणि पोकळ्या नीट चालतात म्हणून आभार मानण्याचेही एक आहे. डायलिसिसवर असलेल्या किंवा शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला त्या आभारांची किंमत सांगावी लागत नाही. मिश्ना या तालमूदाच्या मूळ भागात तर असा दंडक आहे की जसे चांगल्या बातमीला तसे वाईट बातमीलाही देवाचे नाव घ्यावे. वाईटाला चांगले म्हणावे, असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही वेळी म्हणायचे शब्द वेगवेगळे आहेत. वाईट प्रसंगीही देवाशी बोलणे तुटू नये, एवढाच आग्रह आहे.

संकटातून सुटलेल्यांसाठी हागोमेल नावाचे खास आभार आहेत. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला अशा चौघांनी ते सगळ्यांसमोर म्हणायचे असतात. ही यादी १०७ व्या स्तोत्रातून आली. जमलेले लोक उत्तरादाखल त्याचे पुढेही भले व्हावे असे म्हणतात. मुंबईतले बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, शाआर हारहामीम, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे समाजात सांगतात. एका माणसाची सुटका सगळ्या समाजाचे घर झाली.

गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद मूळ हिब्रूत अवघ्या पंधरा शब्दांचा आहे. पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच आणि तिसरीत सात. संरक्षणापासून सुरू होऊन तो शांतीपाशी थांबतो. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बरकाय यांच्या पथकाला चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. तनाखातला आजवर सापडलेला हा सर्वांत जुना मजकूर, साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातला. म्हणजे मंदिर पडण्याच्या आसपासच्या काळात माणसे हे शब्द अंगावर बाळगत होती. आजही शुक्रवारी संध्याकाळी ज्यू आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हाच आशीर्वाद म्हणतात.

काय कराल: रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टींचे आभार मोठ्याने माना. आठवड्यातून एकदा घरातल्या मुलांच्या, नाहीतर म्हाताऱ्या आईवडिलांच्या डोक्यावर किंवा हातावर हात ठेवून त्यांच्यासाठी चांगले मागा. स्वतःकडे काही उरले नाही असे वाटतानाही दुसऱ्याला आशीर्वाद देता येतो.

६. जिथे आहात तिथे झाड लावा

बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले. ते त्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्याआधी हनन्या नावाच्या एकाने लोकांना सांगितले होते की दोन वर्षांत सगळे परत येईल. ते ऐकायला गोड होते, पण खोटे होते. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परत जाणे दिसणार नव्हते. मग त्यांनी करायचे काय? घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे त्याने कळवले.

दीर्घ आजाराची सेवा करणारे, कर्जात अडकलेले, घरापासून दूर राहणारे यांनी हे पत्र जरूर वाचावे. हे संपले की जगू, असे म्हणत वर्षे निघून जातात. काय कराल: संकट संपायची वाट न पाहता या महिन्यात एक टिकाऊ काम सुरू करा. एखादे झाड, शिकायची राहिलेली कला, शेजाऱ्याशी नवी ओळख, काहीही.

७. एक दिवस थांबा

कोकणातल्या बेने इस्राएलांचा पारंपरिक धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हातावर पोट असलेल्यांनी दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडले. शतकानुशतके मूळ समाजापासून तुटलेल्या या माणसांची ओळख जपण्यात त्या थांबण्याचा मोठा वाटा होता. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना नावाचे अन्न वाळवंटात रोज पडते, सहाव्या दिवशी दुप्पट पडते आणि सातव्या दिवशी पडतच नाही. त्या दिवशी जमवायला जाऊ नका, आहे ते पुरेल, हा तिथला धडा. काय कराल: आठवड्यातला एक दिवस, तो जमत नसेल तर एक संध्याकाळ, पैशाचा हिशेब, रिपोर्ट, कोर्टाची कागदपत्रे आणि फोन बाजूला ठेवा. घरच्यांबरोबर जेवा. चिंता दुसऱ्या दिवशी तिथेच असेल, पण ती उचलायला तुमच्या अंगात थोडे बळ आलेले असेल.

वाचन कसे करावे

सगळे एकदम वाचू नका. सात दिवसांसाठी असा क्रम धरा: स्तोत्र १३, मग १ राजे १९, ईयोबाचे दुसरे प्रकरण, उत्पत्ती ३२, गणना ६ चा शेवट, यिर्मया २९ आणि निर्गम १६. हिब्रू परंपरेत अनेक स्तोत्रांचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ज्यू आवृत्तीत वचनांचे क्रमांक एखाद्याने पुढे-मागे दिसले तर गोंधळू नका. शक्य असेल तर दोघांनी मिळून वाचा. ज्यू परंपरेत अभ्यास जोडीने करण्याची रीत आहे, आणि दुःखात तर ती फार उपयोगी पडते, कारण एकाचा धीर सुटला की दुसरा पुढचे वचन वाचतो. प्रत्येक दिवशी वाचून झाल्यावर फक्त एकच कृती करा. सात दिवसांत दुःख संपणार नाही, तसे वचन हे ग्रंथही देत नाहीत. पण आठव्या दिवशी तुमच्याकडे लिहून काढलेले गाऱ्हाणे असेल, मदत मागितलेला एक माणूस असेल आणि कुणाला तरी दिलेला एक आशीर्वाद असेल. तिथून पुन्हा तेराव्या स्तोत्राकडे वळा आणि दुसरा आठवडा सुरू करा.